लढाईत सगळे दिसले पाहिजेत

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपुरात ज्याच्याकडे दोन ट्रक होते तो सिनेमाचा निर्माता झाला. आमच्या चौबे कॉलनीतला शिशिर तोवर लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी काढायचा. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने राजा-महाराजांचा भव्य लढाईपट काढायला घेतला, तेव्हा स्वस्तात पडतो म्हणून कॅमेरा शिशिरच्या खांद्यावर आला. पडद्यावर 'छायांकन' या शब्दापुढे आपलं नाव यावं, एवढंच शिशिरला हवं होतं. त्यापायी त्याने बायकोचं, यामिनीचं, डोकं खाऊन ठेवलं होतं.

कामात मात्र गडी पक्का. मोठाले रिफ्लेक्टर मिळेनात, तर थर्माकोलच्या शीट उभ्या करून त्याने ऊन हवं तिकडे वळवलं. सैन्य म्हणजे भनपुरीचे हमाल. ते थोडेच होते, म्हणून धूळ उडवून त्याने त्यांची फौज केली. इथवर झकास. पण लग्नाची खोड जाते कुठे? आमच्याकडे एखादी आत्या कॅसेटमध्ये दिसली नाही तर जन्माचा रुसवा. शिशिर लढाईत घुसला आणि पंगतीत फिरावं तसा एकेका हमालाच्या तोंडावर कॅमेरा थांबवत सुटला. तेवढ्यात हीरो, म्हणजे निर्मात्याचा साळा, घोड्यावरून आला आणि गेलासुद्धा. शिशिरला फक्त घोड्याचं शेपूट सापडलं.

'हीरो कहाँ है बे?' निर्माता बोंबलला. रीळ संपलं होतं. छायांकनापुढे मग साळ्याचंच नाव लागलं. शिशिर पार खचला. मला त्या साळ्याच्या कानफटात द्यावीशी वाटली.

सिनेमा लागल्यावर त्यातला एक सैनिक, धर्मपाल हमाल, शिशिरकडे आला. 'पोट्टीचं लग्न आहे, भैया. तुम्हीच पाहिजे.'

'मी लग्नं सोडली,' शिशिर तुसडेपणाने म्हणाला.

'असं काहून करता? माह्या बुढ्या बापालेबी तुम्ही लढाईत दाखवलं. रोज दुपारच्या खेळाले जाते, स्वतःले मरताना पाहून शिट्ट्या मारते.' मग धर्मपाल जरा अडखळला. 'पण तुमचं नाव कुठं होतं? मले वाचता येत नाही, म्हणून पोट्टीले संग नेलं होतं. पडदा पांढरा होईपर्यंत बुढ्यानं कोणाले उठू दिलं नाही.'

शिशिरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

'तारीख सांग,' तो म्हणाला.