तळाच्या ओळीतला गोलकीपर

आमचा फुटबॉल क्लब बोईसरचा, पण मैदान बेटेगावच्या वाटेवर. मैदान म्हणजे दादांची दोन भातखाचरं. कापणी झाली की आम्ही कारखान्यातली मंडळी कुदळी घेऊन मधला बांध काढायचो आणि पावसाआधी पुन्हा घालून द्यायचो. बांध घातला की आमचा हंगाम संपला. दादा जमिनीचे मालक आणि आमचे गोलकीपरही. चाळिशी कधीच उलटलेले.

त्या वर्षी शेवटच्या सामन्यात त्यांच्या हातून साधा चेंडू निसटला आणि आम्ही हरलो. कारखान्यात एक उंचापुरा फिटर नवा आला होता. पुढच्या हंगामात गोलमध्ये तोच, असं सगळ्यांनी ठरवलं आणि दादांना सांगायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात पडलं. ज्याच्या शेतात खेळायचं त्यालाच बाहेर बसवायचं. माझी जीभ रेटेना.

पावसाळ्यात फुटबॉलवाचून करमत नसे, म्हणून पेपरातल्या विलायती लीगच्या गुणतक्त्यातून मी एक संघ आपला म्हणून धरला होता. अगदी तळाचा, नाव धड उच्चारता न येणारा. रविवारी खाचराच्या कडेला उभा राहून मी त्याची खबर द्यायचो. दादा निंदणी करता करता ऐकायचे. पेपरात नुसते आकडे असत, पण दादा विचारायचे, त्यांचा गोलकीपर कसा आहे? मी ठोकून दिलं, तुमच्याच वयाचा आहे. मग थापा थांबेनात. त्याचे गुडघे दुखतात, चेंडू सुटतो, लोक कुरकुरतात. वाटायचं, दादा आपणहून ओळखतील आणि मी सुटेन. आज लिहितानाही लाज वाटते.

सप्टेंबरात त्या संघाने सहा गोल खाल्ले. हे मात्र खरं होतं. दादांनी कंबर सरळ केली.

“त्याला काढला काय?”

“अजून नाही. सांगायचं कुणी, हा प्रश्न आहे.”

त्यांनी हातातलं तण बांधावर टाकलं.

“माज्या तोंडावर सांगायचं होतं. त्या बापड्याला कशाला मधी घेतलास?”

मी माफी मागितली. ते पुन्हा वाकून निंदायला लागले.

कापणीनंतर आम्ही कुदळी घेऊन गेलो, तर बांध आधीच काढलेला. गोलचे बांबूही रोवलेले. सगळं दादांनी एकट्याने केलं होतं. मला पाहून बसल्या जागेवरूनच म्हणाले, “तुजा तो म्हातारा हाय का अजून गोलात?”

“मला ठाऊक नाही, दादा. पेपरात त्याच्याबद्दल कधीच काही नव्हतं.”

“ठाव हाय मला,” असं म्हणून ते उठले आणि कुठल्या कोपऱ्यात चेंडू वाकडा उसळतो, ते नव्या गोलकीपरला दाखवायला गेले.