सरसाचा वास

परवा गुलमंडीच्या एका बोळात कुणीतरी सरस उकळत होतं आणि मी चालता चालता थांबलो. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा गोंद. उकळताना मेलेलं ढोर चुलीवर चढवल्यासारखा वास मारतो. पूर्वी मी काचेवर नक्षी काढायचो आणि शेजारी बसणाऱ्या सुताराचं सरसाचं भगुनं दिवसभर माझ्या नाकाखाली रटरटायचं. एका उन्हाळ्यात मी वैतागून ओरडलो, "उचल ती घाण!" त्यानं रागातच भगुनं उचललं आणि सगळा चिकट काळपट रबरबाट माझ्या काचेवर सांडला. गिऱ्हाइकाच्या दारासाठी ती काच मी घासून खरबरीत केली होती. मला तिच्याकडं बघवेना, म्हणून ती उन्हात ढकलली आणि पाठ फिरवून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तडतडायला लागली. वाळता वाळता आकसणारा सरस काचेचे पापुद्रे उपटत होता आणि खाली पानांची नाजूक नक्षी उमटत होती. आमचं भांडण तिथंच राहिलं. "आरं, लई भारी! दुसरी घास," सुतार म्हणाला. मग मी काच घासायचो, तो सरस ओतायचा, मी दोन्ही हातांनी पसरायचो. मला उमासे आले की तो खांद्यावरचा पंचा माझ्या नाकाला बांधायचा. त्या पंच्याला विडीचा आणि घामाचा इतका उग्र दर्प, की सरस विसरायला व्हायचं. "येतो का आता वास?" "नाय." "मग पसर की!" आणि दोघंही हसत सुटायचो. परवा मी खिशातला धुतलेला रुमाल नाकाला लावला. त्याला कसलाच वास नव्हता. सरसाचा सहन होईना.