गेटपासावरचं पाणी

भोसरीच्या त्या कंपनीत कामगार सकाळी जड डबा घेऊन आत जात आणि सुटीचा भोंगा झाला की हलका घेऊन बाहेर पडत. ज्ञानदेवाचं सगळंच उलटं. सकाळी हलका, संध्याकाळी जड. गेटवरचा सयाजी पलटणीतून आलेला वॉचमन, त्याला हे खटकणारच.

भानगड साधी होती. कॅन्टीनमध्ये स्वच्छ, थंड पाण्याचं मशीन होतं आणि दिघीच्या खोलीवर ज्ञानदेवाची आई, सोजरबाई, हापशाचं मचूळ पाणी पीत होती. बहात्तरच्या दुष्काळात दोघं परभणीकडून आलेली. गावात तर तिला विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओतलं तर घागर भरायची, तोवर उन्हात ताटकळायचं. म्हातारीला एकदा चांगलं पाणी पाजायचं, एवढंच ज्ञानदेवानं ठरवलं होतं. मग सुटीला रिकाम्या डब्यात मशीनचं पाणी भरून नेणं रोजचंच झालं. डबा दुपारच्या चटणीचा, कितीही घासला तरी वास जाईना. सोजरबाई घोट घेऊन म्हणायची, "कंपनीच्या पाण्याला लसणाचा वास हाय बघ. लई भारी पाणी!" ज्ञानदेव तिचा पेला पुन्हा भरायचा.

शेवटी सयाजीनं त्याला पकडलंच. "बेअरिंगा चोरतोय ह्यो!" म्हणत सिक्युरिटी ऑफिसर दौलतरावांपुढे उभं केलं. नोकरी गेली तर म्हातारीला घेऊन पुन्हा त्याच विहिरीवर जायचं.

दौलतरावांनी डबा उघडला. आत पाणी.

"अ‍ॅसिड असंल, साहेब," सयाजी हटेना.

"मग पिऊन बघ."

सयाजीनं डोळे मिटून घोट घेतला. "पाणीच हाय. लसणाचं."

ज्ञानदेवानं सगळं सांगून टाकलं, विहिरीसकट. दौलतरावांनी माल बाहेर न्यायच्या गेटपासाचं पुस्तक ओढलं आणि लिहिलं, 'पाणी, एक डबा, रोज.'

"माल परत येणार का, तो रकाना राहिला साहेब," सयाजी म्हणाला. दौलतरावांनी असं काही पाहिलं की तो सलाम ठोकून पळाला.

घरी हे ऐकून सोजरबाई लेकावरच भडकली. "इतकं दिस त्यांचं पाणी पितुया, अन् त्यास्नी काय दिलं आपण?" पहाटे उठून तिनं लसणाची चटणी कुटली, पाण्याचाच डबा काठोकाठ भरला. ज्ञानदेव उंबऱ्याबाहेर पडला तेव्हा मात्र तिचा आवाज एकदम बारीक झाला. "खातील का रं ते आपल्या हातचं?"

ज्ञानदेव डबा सांभाळत कंपनीकडे निघाला. ती दिवसभर कशातच रमली नाही.

संध्याकाळी डबा पाण्यानं भरून आला. तिनं पेला भरला, पण तोंडाला लावला नाही.

"खाल्ली?"

"खाल्ली. साहेबांनी कॅन्टीनमधून भाकरी मागवली. सयाजीनं तर डब्याचं बूड बोटानं पुसून काढलं."

सोजरबाईनं पेला एका दमात रिकामा केला आणि डोळ्यांना पदर लावला.

"आज लसूण जरा जास्तच हाय, न्हाई?"