अकरा लॅपटॉप आणि मजीदभाईंची चावी

तुमचा लॅपटॉप तुमचाच आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? दुकानदारानं? पावतीनं? ती पावती मजीदभाईंना दाखवा. पूर्वी हसले असते. आता हसत नाहीत.

मजीदभाई भिवंडीचे कोकणी मुसलमान. बापानं भंगारातून उभे केलेले आठ लूम, म्हणजे कापडाचे माग, पुन्हा भंगारात गेले, पण हातातली कला राहिली. त्याच हातांनी ते जुने लॅपटॉप दुरुस्त करू लागले. इंजिनियर नाहीत. मीही नाही. सायबर कॅफेत बसून शिकलो आणि कुठल्याही कंपनीची मालकी नसलेल्या मोकळ्या, फुकटच्या सिस्टिमसाठी जगाशी भांडत सुटलो. त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी कंपन्यांना शिव्या घालायचो, ते स्क्रू पिळत ऐकायचे.

भिवंडीजवळच्या शेलार गावच्या बुद्धविहारात संघरत्नाताई अभ्यासिका चालवते. तिचा भाऊ नरेंद्र काल्हेरला एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. तिथले मोडीत काढलेले अकरा लॅपटॉप त्यानं विहारासाठी मागून आणले. गोडाऊनमध्ये पॅकिंग करणाऱ्या मुली ड्युटी सुटल्यावर येऊन शिकणार होत्या. चौदा एप्रिलला खोली उघडायची ठरली. ताईनं घरोघर जाऊन सांगितलंही.

आता नीट ऐका. लॅपटॉप सुरू होताना आत एक पहारेकरी उभा असतो. सिक्युअर बूट म्हणतात त्याला. ज्या सिस्टिमवर ओळखीची सही, तिलाच तो आत सोडतो. सही एका बड्या परदेशी कंपनीची; ती ओळखायची चावी लॅपटॉपमध्ये आधीच भरलेली. नरेंद्रनं आणलेल्या मोकळ्या सिस्टिमवर ती सही होती. घातली असती तर चालली असती.

मी भडकलो. "त्यांच्या सहीवर जगायचं, तर मोकळी कसली रे?"

"दादा, पहारा असू दे ना," नरेंद्र म्हणाला. "आमच्याकडं एकदा असला व्हायरस शिरला, फॉरमॅट मारला तरी जाईना. सही नको असेल तर पहाराच बंद कर. भांडतोस कशाला?"

मजीदभाईंनी पेचकस खाली ठेवला. "बंद कशाला? कुलूप वाईट नाय. चावी कुणाकडं हाय, ते बोल. पुरानी चावी काढायची, आपली घालायची. सेकंडहॅन्ड लूम आणला की पयलं काम काय? जुन्या शेठची पाटी उखडायची!"

"भाई, याला म्हणतात अक्कल!" मी टेबलावर हात मारला.

ताई एवढंच म्हणाली, "आधी एकावर करून बघा."

"ताय, लूमवाला एकेक लूम चालवून बघत बसत नाय. लाइन चालू करतो लाइन!"

मी मोठ्यानं हसलो. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

एका दुपारी अकराही लॅपटॉपच्या जुन्या चाव्या पुसल्या, आमची भरली. मग एका ओळीत सगळ्यांची बटणं दाबली. पंखे फिरले. पडदे काळे. पडद्यावर चित्र आणणाऱ्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, त्याच्यावरही तीच जुनी सही होती. पहारेकऱ्यानं घरच्याच माणसाला हाकललं. आणि पडदाच दिसत नाही, तर चूक मागे कशी घ्यायची? पहारेकऱ्याच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामची प्रत आम्ही काढून ठेवली नव्हती. नवी सेटिंग पुसली जावी म्हणून आतले बारीक सेल काढून पाहिले, महिनाभर काय काय केलं. ढिम्म.

चौदा एप्रिलला खोली उघडली, कारण शब्द दिला होता. मुली आल्या. अकरा काळ्या पडद्यांसमोर बसल्या. करिष्मा नावाची एक पोरगी हळूच विचारते, "ताई, मी काय चुकीचं दाबलं का?"

ताईनं तिच्यापुढचा लॅपटॉप मिटला. उरलेले दहा मी मिटत गेलो. पुढच्या रविवारी तिघीच आल्या. त्याच्या पुढं कोणी नाही.

मजीदभाई आता लॅपटॉप हातात घेत नाहीत. मोबाईलच्या काचा बसवतात. मी म्हटलं, भाई, चूक माझी, परकी सही नको म्हणून मीच पेटवलं. म्हणाले, "तोंड तुझं होतं. हात माझा ना? बापानं भंगारातले लूम जिवंत केले. मी जित्या मशिनी मारल्या."

मी अजूनही म्हणतो, चावी मालकाकडंच हवी. पण कोणासाठी म्हणतो, ते आता कळेनासं झालंय.

तुमच्यापैकी कोणाला पहारेकऱ्याच्या चिपमध्ये मूळ प्रोग्राम परत भरता येत असेल, तर शेलारला या. कोणती सही, कोणाची सही, मी तोंड उघडणार नाही. मजीदभाईंना शेजारी बसवा आणि त्यांच्याच हातानं एक लॅपटॉप चालू करून घ्या. एकच.