माझा आवाज गेला ती संध्याकाळ

माझा आवाज गेला तेव्हा मी देवावर चिडले होते, हे आधीच कबूल करते. नुसता घसा धरला असता तर चाललं असतं, पण तोंडातून हवेशिवाय काही निघेना. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. घरात सगळ्यांना मज्जाच वाटली. आमचे हे तर म्हणाले, "काय शांत शांत वाटतंय राव आळेफाट्यावर!" मी जन्माची बोलघेवडी, आणि माझं कामही बोलण्याचंच. एका संस्थेच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ बसते. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'सक्सेस कोच' असं झोकात लिहिलंय. गावोगावची माणसं मात्र मला फोनवाली मॅडम म्हणतात. मागे पडलेल्या, नापास झालेल्या, दिवसा कॉलेज किंवा काम करून थकलेल्या पोरापोरींना रोज संध्याकाळी गाठायचं, अभ्यास झाला का विचारायचं, धीर द्यायचा, प्रसंगी झाडायचं, हे माझं काम. झाडण्यात मी जरा जास्तच तयार, असं माझी मुलंच सांगतील.

कामावर जाताना मी आळे गावात रेड्याच्या समाधीपाशी थांबते. माऊलींनी ज्या मुक्या जनावराच्या तोंडून वेद वदवले, त्याची ती समाधी. माझं रोजचं मागणं एकच असायचं : बाबा, तुझ्या तोंडून बोलवून घेतलं तसं माझ्याही तोंडून चांगलं तेच बोलवून घे. आवाज गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तिथे हात जोडले आणि मनातल्या मनात भांडलेच. जनावराला वाचा दिलीस आणि माझी काढून घेतलीस? मी काय वाईट बोलत होते का? खरंच तसंच म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते भक्तीचं नव्हतं, रागाचं होतं.

आता पूनमबद्दल सांगते. निमगाव सावाच्या एका शेतकरी घरातली ही मुलगी फार्मसीच्या डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षाला होती. गोड, नम्र, कधी फोन चुकवणार नाही. "पाठ झालं का?" हो मॅडम. "सराव केलास?" हो मॅडम. "काही अडचण नाही ना?" नाही नाही, सगळं ठीक आहे मॅडम. आमच्याकडे कॉम्प्युटरवर प्रत्येक मुलापुढे रंग भरायचा असतो, धोक्यातल्याला लाल, डळमळीत असेल त्याला पिवळा, सुखरूप असेल त्याला हिरवा. पूनम दोन वर्षं हिरवी होती. निकाल लागला त्या संध्याकाळी मी फोन करून विचारलं, "काय गं, झालीस ना पास?" ती म्हणाली, "हो मॅडम." मला इतका आनंद झाला की गुणपत्रिका बघायची राहूनच गेली. पुढच्या मिनिटाला मी तिच्या आईला फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "पेढे वाटा, लेक पास झाली तुमची!"

झालं. गावात हरिनाम सप्ताह बसायचाच होता. मंडळाच्या पोरांनी गावात शिरतानाच्या फाट्यावर पूनमचा भलामोठा फ्लेक्स लावला. गावातली पहिली फार्मसिस्ट मुलगी म्हणून हार्दिक अभिनंदन. खाली तिचा फोटो आणि वर सरपंचापासून सगळ्यांचे फोटो. काल्याच्या कीर्तनानंतर मांडवात सत्कार करायचंही ठरलं. तिच्या मामाने मला फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. मी तो कौतुकाने दहा जणांना दाखवला.

मी सांगते आहे ती संध्याकाळ काल्याच्या आदल्या दिवसाची. मुलांचे पेपर संपलेले, त्यामुळे अभ्यासिका रिकामी होती. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं असूनही मी हट्टाने आले होते आणि एकटीच बसून मुलांना मेसेज टाकत होते. थंडीचे दिवस, सातलाच बाहेर मिट्ट काळोख. सव्वासातला माझा मोबाईल वाजला. पूनम. सवयीने उचलला आणि मग लक्षात आलं, बोलणार कशी?

"मॅडम," ती म्हणाली. पलीकडे लांबून टाळमृदंग ऐकू येत होते. मी काहीच बोलले नाही. एरवी तिच्या त्या एका शब्दानंतर माझे चार प्रश्न सुरू झाले असते. ती थांबली, वाट पाहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही आहात ना?" मी मोबाईलवर नखाने दोनदा टकटक केली. आणि ती एकदम बोलायला लागली.

"मी खोटं बोलले मॅडम. मी पास नाय झाले. दोन विषय गेलेत. तुमी विचारलं आणि तोंडातून हो निघून गेलं. तुमी इतक्या खूश झालात, मग मागं कसं फिरायचं तेच कळंना. आता फ्लेक्स लागलाय. उद्या सत्कार हाय. आई नवी साडी घेऊन आलीय." मी पुन्हा टकटक केली. "मी मळ्यात आलेय, विहिरीवर. सगळे कीर्तनाला गेलेत. मला उद्याचा दिवस नको मॅडम. तुमाला तेवढं खरं सांगायचं व्हतं."

आमच्या भागात उसात बिबट्या असतो. दिवस मावळला की बाईमाणूस सोडाच, गडीसुद्धा एकटा मळ्यात जात नाही. ही पोर अंधारात उसातून एकटी विहिरीवर गेली होती, आणि बिबट्याचं नावही काढत नव्हती. ओरडावंसं वाटलं, घशातून नुसती हवा निघाली. स्कूटी काढून गेले तरी अर्धा-पाऊण तास लागणार होता. ऑफिसच्या फोनवरून तिच्या आईला लावला, वाजत राहिला. कीर्तनाच्या मांडवात कोणाला ऐकू येणार? मामालाही लावला, तोही उचलेना. आणि उचलला असता तरी मी त्याला काय सांगणार होते? मेसेज टाकला, तो कोणी बघितला नाही. इकडे पूनम मधूनमधून विचारत होती, "मॅडम, आहात ना?" आणि मी टकटक करत होते.

मोबाईल कानाला धरून, पुन्हा पुन्हा टकटक करत, मी जिना उतरले. खाली पाइप आणि मोटारपंपांचं दुकान आहे. दुकानाचे शेठ मूळचे राजस्थानकडचे जैन, पण तीन पिढ्या इथल्याच, मराठी माझ्याहून रांगडी. तीन वर्षांत, मी कधी लवकर आले तर, आमचं बोलणं एवढंच झालेलं : "मॅडम, गाडी सरकवा, टेम्पो यायचाय," आणि मी त्यावर दोनदा फणकारलेली. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम, म्हणून ते साडेपाचलाच शटर ओढून घरी जातात. मी काम सुरू करते तेव्हा खाली कुलूपच असतं, हे मला पक्कं माहीत होतं. मी निघाले होते रस्त्यावर कोणी सापडतं का बघायला. पण त्या दिवशी शटर उघडं होतं. शेठ गल्ल्यापाशी एकटेच बसले होते. पाइपाची गाडी घाटात अडकल्यामुळे त्यांना थांबावं लागलं होतं, असं नंतर कळलं.

त्यांच्यासमोरचा कागद ओढून मी लिहिलं : निमगाव सावा. पूनम. विहिरीवर एकटी. जिवाचं बरंवाईट करेल. मला आवाज नाही. आई कीर्तनात. तिच्या बापाचं नावही लिहिलं. कागदावरून त्यांनी नजर वर केली, माझ्या कानाला लावलेला मोबाईल बघितला, आणि एकही प्रश्न विचारला नाही. "ह्यांची मोटार मीच दिलीय. विहीर बघितलेली हाय," एवढंच हळू आवाजात म्हणाले आणि आपला मोबाईल काढला. सप्ताहात माईक लावणारा दत्तोबा त्यांचं गिऱ्हाईक होता. मांडवातल्या हजार माणसांत फोन समोर ठेवून बसलेला तोच एक, कारण लाईट गेली की जनरेटरवाल्याचा फोन त्याला येतो.

शेठ त्याला म्हणाले ते मी जन्मभर विसरणार नाही. "दत्तोबा, ऐक. माईकवर पुकारायचं न्हाई. नाव घ्यायचं न्हाई. कुणाला सांगायचं न्हाई. बायकांच्यात जा, पूनमच्या आईला नुसती खूण कर आणि गाडीवर बसवून त्यांच्या विहिरीवर ने. लांब गाडी बंद कर. आईला एकटीलाच पुढं जाऊ दे." मला हे सुचलं नसतं. मला आवाज असता तर मी दत्तोबाला माईकवरून पुकारायलाच सांगितलं असतं, आणि त्या पोरीने विहिरीवर उभं राहून आपलं नाव साऱ्या शिवारात ऐकलं असतं.

पुढची वीस मिनिटं कशी गेली ते माझं मलाच माहीत. शेठनी मला स्टुलावर बसवलं, समोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते हात जोडून डोळे मिटून उभे राहिले. पूनम बोलत होती. कॉलेजातल्या पहिल्या दिवसापासून तिला इंग्रजीतून काही कळत नव्हतं, हे दोन वर्षांत पहिल्यांदा मला सांगत होती. रात्री पुस्तक घेऊन बसायची आणि अक्षरं नुसती बघायची. ऐकताना मला माझीच लाज वाटत होती. मी रोज विचारत होते, पण माझा प्रश्नच असा असायचा की त्याला नाही म्हणायची कोणाची छाती व्हायची नाही. मधेच ती गप्प झाली. मी टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली, पुन्हा, पुन्हा. मी स्टुलावरून उठलेच. मनात म्हणाले, बाबा, मला आवाज नको, काही नको, तुला पाहिजे ते घे, ती पोर तेवढी राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे स्वतःसाठी काही न मागता सगळं त्याच्यावर सोपवलं.

आणि पलीकडून आवाज आला. "पुने! अगं बया, हितं काय करतीस अंधारात? बिबट्या हाय न्हाई का?" तिची आई. मग नुसतं रडणं. "आई, मी नापास झाले." आई म्हणाली, "मंग? नापास झालीस तर आमची लेक न्हाईस का तू?"

"फ्लेक्स लागलाय गं आई."

"लागू दे की! सकाळी उतरवते. लई जाड कापड हाय, कांद्यावर झाकायला व्हईल. चल, हिकडं ये, धर माजा हात."

मोबाईल हातात धरून मी त्या पाइपांच्या ढिगात बसून हमसून हमसून रडले, आवाजाशिवाय. शेठनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आज जेवायचं राहिलं म्हणून चिडचिड करत बसलो व्हतो. बरंच झालं म्हणायचं, उपास घडला." मग त्यांनी शटर ओढलं. माझी गाडी नेहमीसारखी शटरसमोरच होती. त्यांनी स्वतः ती सरकवली.

पाइपाची गाडी अडकली नसती तर? डॉक्टरांचं औषध लवकर लागू पडलं असतं तर? ही कोडी सोडवायला मी बसत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या संध्याकाळी मला आवाज असता तर पूनमच्या पहिल्या वाक्याला मी म्हणाले असते, "काय? नापास? अगं, तुझ्या आईला मी पेढे वाटायला सांगितले!" मी हेच म्हणाले असते, मी मला ओळखते. पूनमही नंतर म्हणाली, "तुमी रागावला नाय मॅडम, नुसतं ऐकलं. म्हणून मी थांबले." तिला वाटलं तो माझा मोठेपणा. मी तिला खरं काय ते सांगितलं.

आवाज यायच्या आधीच मी निमगाव सावाला जाऊन आले, तिच्या आईची माफी मागायला. वहीत लिहून दाखवलं : चूक माझी, मी न बघता सांगितलं. पूनमने ते वाचून दाखवल्यावर ती माउली म्हणाली, "तुमच्या एकटीची कशाची चूक मॅडम? आमी बी तेच केलं की, न बघताच हरखून गेलो." सत्काराच्या यादीतून नाव गळलं होतं. गाव चार दिवस बोललं आणि मग त्याला दुसरं काही बोलायला मिळालं. अंगणात कांद्याच्या ढिगावर फ्लेक्स पसरला होता. सरपंचांच्या तोंडावर दोन दगड ठेवले होते. ते बघून पूनमच आधी फिसकन हसली. तालुक्याच्या, मनाचं दुखणं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी बोलायला ती दर आठवड्याला जाते, आईला बरोबर घेऊन.

समाधीपाशी मी अजूनही रोज थांबते. मागणं बदललंय. आता म्हणते, बाबा, बोलायचं तू बघ, मला तेवढं ऐकू येऊ दे. त्या कॉम्प्युटरवर मी पूनमपुढे लाल रंग भरला आहे आणि तिला तो दाखवलाही आहे. राहिलेल्या दोन विषयांसाठी आता ती संध्याकाळी अभ्यासिकेत येते. परवा दप्तर ठेवून समोर बसली. मी जुन्या सवयीने विचारायला गेले, जीभ चावली, आणि गप्प राहिले.

"नाही मॅडम," ती म्हणाली, "आज काहीच झालं नाही. काही म्हणजे काहीच कळलं नाही मला."

मी मनातल्या मनात आळ्याच्या दिशेने हात जोडले आणि तिचं पुस्तक जवळ ओढलं.