लेकीच्या दारचा समुद्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले तुकोजी म्हणजे संस्थानच्या फौजेतला पक्का शिपाई आणि तिघऱ्याच्या तलावावरचा त्याहून पक्का गळवाला. संस्थान विलीन झालं, पाठोपाठ फौजही, आणि तुकोजी घरी बसले. तेव्हा कुठे कोकणात दिलेल्या दुर्गाला भेटायला त्यांना सवड मिळाली.

लेक भेटली, पण लेकीला अजून मूल नव्हतं. आणि मूल होईपर्यंत बापाने लेकीच्या घरचा घास घ्यायचा नाही, हा घराण्याचा रिवाज. तुकोजी अंगणात बसून ग्वाल्हेरहून आणलेल्या मठऱ्या खात, पाणी गावच्या विहिरीचं पीत. आत दुर्गा डोळे पुसत भाकरी थापी. मूल नाही हे दुःख होतंच, त्यात बापालाही जेवू घालता येईना. मठऱ्या संपल्या की बाबा निघणार, हे तिला दिसत होतं.

पाय तर तुकोजींचाही निघत नव्हता. त्यांनी गळ काढला. आपण धरलेला मासा कुणाच्या घरचा थोडाच असतो? कणकेची गोळी लावून, पाण्यावर बूच सोडून ते वाळूत मांडी घालून बसले, तिघऱ्याला बसत तसेच. समोर पाहून मात्र शिपाईगडी हबकला. या पाण्याला पलीकडचा काठच नव्हता! आणि जरा वेळाने बघतात तो पाणीही नाही. बूच कोरड्या वाळूत लोळत होतं.

"दुर्गे, अगं पाणी गेलं कुठे?"

"ओहोटी आहे, बाबा. वापस येईल."

"आपल्या मनाने?"

"रोज येतं." दुर्गा बऱ्याच दिवसांनी हसली. "पाणी चढायला लागलं की गळ टाका. कणीक नको, कोळंबी लावा. आणि बूच काढून शिसं बांधा, नाहीतर लाट सगळं किनाऱ्यावर आणून टाकेल."

संध्याकाळी पाणी खरंच आलं. ना बिगूल, ना कुणाचा हुकूम. एवढं अफाट पाणी चालत आलं आणि गळ टाकून उभ्या असलेल्या तुकोजींच्या गुडघ्यांना लागलं. महाराजांच्या स्वाऱ्या पाहिलेला माणूस, पण असं काही त्याने पाहिलं नव्हतं. काठी काखेत धरून त्यांनी हात जोडले. तेवढ्यात दोरीला हिसका बसला, आणि हातभर मासा वाळूवर आला.

दुर्गाने तिथेच तीन दगड मांडून तो भाजला.

"मासा तुमचा, झावळ्या वाऱ्याने पाडलेल्या, मीठ समुद्राचं. घरातलं काही नाही, बाबा. फक्त माझे हात आहेत. ते चालतील?"

तुकोजींनी हात पुढे केला, आणि घास संपताच पुन्हा केला.