मे महिन्यातला हुरडा

मे महिन्यात हुरडा खाऊ घालतो, असं मी आक्काला फोनवर बोलून बसलो. माझी ही थोरली बहीण परदेशात असते. मुलांच्या सुट्टीमुळं ती माहेरी येणार मेमध्येच, आणि ज्वारीचा हुरडा तर थंडीबरोबरच संपतो. आधीच्या वर्षी मी तो घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून पाहिला होता. हळूहळू गोठून त्याचा असा लगदा झाला की पोस्टरं चिकटवायला गल्लीतले दोन उमेदवार मागायला आले. आक्कानं मात्र तो मुकाट्यानं खाल्ला. तेच मला लागलं.

सोड्याच्या कारखान्यांना गॅस पोचवणारा माझा एक दोस्त आहे. तो म्हणाला, झटक्यात गोठवला तर दाण्याचा लगदा होत नाही. त्याच्याकडं खाण्यापिण्यासाठी चालणाऱ्या द्रव कार्बन डायऑक्साइडची टाकी होती, आत बुडापर्यंत नळी असलेली. तोटी उघडली की द्रव बाहेर पडतो आणि पडताक्षणी त्याचा पांढरा भुगा होतो. तो इतका गार की नुसत्या आठवणीनं मी दोन उन्हाळे पंख्याशिवाय काढले.

जानेवारीत जेऊरहून मामानं भाजून, चोळून दोन डबे हुरडा धाडला. गल्लीत मी दोन पोती सांगितली.

दोस्तानं स्वयंपाकघरात टाकी खिडकीच्या गजाला उभी बांधली, खिडक्या उघडल्या, चामड्याचे हातमोजे आणि चष्मा चढवला, मलाही दिला. मग तो परातीकडं वळला. तेवढ्यात आईनं गारवा घरात कोंडायच्या सोलापूरच्या रिवाजाप्रमाणं दारं-खिडक्या लावल्या आणि उंबऱ्याशी ओलं फडकंही सारलं. पाठमोऱ्या दोस्तानं तोटी उघडली. परातीवरून पांढरा ढग उतरून फरशीभर पसरला. कोपऱ्यात देवापुढची समई बारीक झाली आणि विझली.

"देवाला आवडलं न्हाय हे," आई म्हणाली. ती समईशेजारच्या पाटावर बसायला वाकली होती.

दोस्तानं तोटी बंद केली. "दारं कुणी लावली?"

"मी. गारवा फुकट चाललाय की."

"अम्मा, बसू नका. आधी सगळे बाहेर चला."

दारं सताड उघडून आम्ही अंगणात आलो. त्यानं शांतपणे सांगितलं, "हा गॅस हवेपेक्षा जड. खाली साचतो. समई विझली, तिथंच तुमी बसणार होता. आणि दिवा जळतोय म्हणून निर्धास्त ऱ्हायचं न्हाय, त्याच्या आधीच माणसाला गुंगी येती."

"मग आधी सांगायचं की."

"सांगितलं होतं. तुमच्या चिरंजीवांना."

आई माझ्याकडं बघत राहिली. अख्ख्या गल्लीला सांगून आलो होतो, घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं.

बाकीचं काम गच्चीवर, वाऱ्यात झालं. परातीत हुरडा, वर भुगा, आणि मी लाकडी उलथण्यानं हलवतोय. दाणे गारांसारखे खडखडू लागले. आई डबा घट्ट लावायला निघाली, तर दोस्तानं झाकणच काढून घेतलं. भुगा पुरता उडून जाईपर्यंत डबा बंद करायचा नाही, कोंडलेला गॅस डबा फोडतो, म्हणाला. मग हुरडा फ्रीजरमध्ये गेला.

मेमध्ये आक्का आली. आईनं हुरडा तव्यावर शेकला, शेंगाचटणी वाढली. आक्कानं पहिला घास तोंडात टाकला.

"मऊ हाय रे," ती म्हणाली. "गोड पण हाय."

भर दुपारी घरात झळा येत होत्या. सगळ्या खिडक्या उघड्या.

"आई, खिडक्या लाव की. भाजून निघालो," मी म्हणालो.

"हुरडा खायाचा आसंल तर खिडक्या उघड्याच ऱ्हातील," आई म्हणाली.

टाकी जाऊन चार महिने झाले होते. पण आईला ते समजावून सांगायला मी धजलो नाही. आक्कानं पदरानं घाम पुसला आणि ताट पुढं केलं.